नापास करणारे मास्तर

नोकरीभर मी एकच काम केलं, मास्तर निवडले. स्वतः कुणाला काही शिकवलं नाही, कारण मला शिकवताच येत नाही. दोनदा सांगून समजलं नाही की माझा पारा चढतो. आमच्या घरात शिकवण्याचा मक्ता वडिलांकडे आणि काकांकडे होता, दोघांनीही पेणच्या शाळांत आयुष्य काढलं. मी मात्र रोज सकाळी कंपनीच्या बसने पेणहून रोह्याला जायचे, आणि एका केमिकल कंपनीच्या ट्रेनिंग खात्यात बसून ठरवायचे की आमच्या कामगारांना कोणी शिकवावं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "ती रोह्याला ऑफिसात असते." पाहुण्यांनी पुढे विचारलंच तर म्हणायच्या, "असतं बाई काहीतरी. चहा घ्या."

तर ते काहीतरी काय असतं, ते आधी सांगते. कारखान्यात काही कामं अशी असतात की शिकल्याशिवाय माणसाला त्यांना हात लावू देत नाहीत. उंचावर चढणं, फोर्कलिफ्ट चालवणं, आग विझवणं, बंद टाकीत उतरणं. हे शिकवायला बाहेरच्या संस्था येतात आणि त्या रग्गड आहेत. त्यांची पत्रकं माझ्या मोबाईलवर सकाळी डोळे उघडायच्या आधी आलेली असायची. प्रत्येक पत्रकावर तोच एक गोरा माणूस, पांढरं हेल्मेट घालून, अंगठा वर करून हसत उभा. त्याला मी इतक्या वेळा पाहिलंय की उद्या पेणच्या बाजारात भेटला तर मी त्याला घरी चहाला बोलवीन.

एकेक नमुने भेटले हो! एक सद्गृहस्थ मुंबईहून आले, सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला. आल्या आल्या खोलीतले दिवे मालवले आणि म्हणाले, "डोळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात." मागच्या बाकावरून धरमतरकडचा एक फिटर म्हणाला, "सर, खाडी चालंल काय? समुद्र लांब पडतो." सर हसले नाहीत. मग त्यांनी सगळ्यांना शेजारच्याला मिठी मारायला लावली. नाइट शिफ्ट करून थेट वर्गात आलेली माणसं ती, निम्मी शेजारच्याच्या खांद्यावर तशीच झोपली. जाताना सर मला म्हणाले, "मॅडम, काय एनर्जी होती!" मी मान डोलावली. दुसऱ्या एकाने दिवसभर बर्फात गाडी कशी चालवावी ते दाखवलं. रोह्यात! तिसऱ्याच्या पत्रकात अभ्यासक्रम चार ओळींचा आणि जेवणाचा मेनू अर्धं पान. त्यात गुलाबजाम ठळक अक्षरांत.

होता होता माझी एक पद्धत बसली. कुठल्याही संस्थेचं पत्रक मी वाचायचे नाही, न कळवता तिथे जाऊन उभी राहायचे. आधी सामान बघायचं. कमरेला बांधायचे पट्टे, दोर, तोंडावरचे मास्क. ते कोरे करकरीत दिसले की मी चहा न घेता उठायचे. शिकवणाऱ्याचं सामान घामाने काळं पडलेलं पाहिजे. आणि शेवटी एकच प्रश्न, "तुम्ही नापास करता का?" या प्रश्नाला बहुतेक जण छाती फुगवून उत्तर द्यायचे, "छे छे मॅडम, आमचा निकाल शंभर टक्के!" संपलं. मी पायात चपला सरकवायचे.

रामवाडीला हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गुरव सरांची संस्था आहे. संस्था म्हणजे काय, अंगणात एक गंजलेली मोठी टाकी, तिच्या तोंडावर लोखंडी तिपाई, तिपाईला दोर ओढायचं चाक, चार खुर्च्या आणि एक बाकडं. गुरव सर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, शरीराने काटकुळे, आवाजाने मात्र दोन माणसांचे. मी प्रश्न विचारला तेव्हा ते दोर घडी करत होते. मान वर न करता म्हणाले, "करतो की. तुमची माणसं चांगली असतील तर जास्त करीन." मला हे उत्तर कळलं नाही, पण आवडलं. मी त्यांनाच काम दिलं, बंद टाकीत उतरण्याचं प्रशिक्षण.

हे प्रशिक्षण म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टाकी साफ करायला माणूस आत उतरतो तेव्हा आतली हवा कधी दगा देईल सांगता येत नाही. वास येत नाही, धूर दिसत नाही, दोन श्वासांत माणूस खाली बसतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी बाहेर एक माणूस उभा करतात. आतल्याच्या अंगाला दोर बांधलेला असतो. आतला पडला तर बाहेरच्याने भोंगा वाजवायचा, चाक फिरवून दोर ओढायचा, आणि ओढला जात नसेल तर श्वासाची नळकांडी लावलेली बचाव पथकाची माणसं येईपर्यंत थांबायचं. काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. कारण वाचवायला उतरलेला दुसरा आधी मरतो, मग त्याला वाचवायला उतरलेला तिसरा. ही हकीकत देशात कुठेतरी सारखी घडत असते, आणि पेपरात एकदम तीन नावं येतात.

आमची पहिली तुकडी रामवाडीला गेली तेव्हा मी मुद्दाम बघायला थांबले. त्यात दत्ता होता, निडीजवळच्या एका वाडीतला, घरची भातशेती आणि भात निघाल्यावर वाल लावणारा. त्याचा धाकटा भाऊ महेशही आमच्याकडेच कंत्राटावर. सरांनी महेशला टाकीत उतरवलं, पडायचं नाटक करायला सांगितलं आणि दत्ताला बाहेर उभं केलं. महेश आत धप्पकन पडला. दत्ताने भोंग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ टाकीत उडी! त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. बघता बघता अंगणात मी आणि सर दोघंच उरलो, आणि टाकीतून हसण्याचे आवाज यायला लागले.

"मेलात," सर टाकीत तोंड घालून ओरडले. "सगळे मेलात. या वर."

माणसं वर आली ती खूश होऊन. आपण काहीतरी चांगलं केलं असंच त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. सरांनी सगळ्यांना त्या बाकड्यावर आणि उरलेल्यांना जमिनीवर बसवलं. मेलेल्यांना चहा मिळत नाही, असा त्यांचा नियम. दत्ता म्हणाला, "सर, माणूस आत पडलाय नि आपन बाहेर उभं ऱ्हायचं? आमच्यात नाय असं करत. हिरीत कोन पडला तर आख्खी वाडी उडी मारते."

"म्हनूनच," गुरव सर म्हणाले. "म्हनूनच तुमच्यातलीच मानसं जास्त मरतात, बाबा. भित्र्या मानसाला शिकवायला मला एक तास पुरतो. तुमच्यासारख्याला नाय पुरत."

तेव्हा मला त्यांचं आधीचं उत्तर कळलं. सगळी तुकडी नापास झाली.

दुसऱ्या दिवशी युनियनचे अध्यक्ष माझ्या टेबलापाशी. आवाज असा की शेजारच्या खात्यातली माणसं दारात. "मॅडम, पोरं चांगली कामाला होती. तुमी त्यांना बाहेर नेऊन नापास करून आनलीत? गावात काय तोंड दाखवायचं त्यांनी?" ते गेले तर मॅनेजर साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर दुसऱ्या एका संस्थेचं पत्रक, तोच गोरा, तोच अंगठा. त्यांच्याकडे सकाळी माणूस पाठवला की संध्याकाळी प्रमाणपत्र हातात, तेही लॅमिनेट करून. साहेब वाईट नव्हते, त्यांना काम थांबलेलं दिसत होतं. मला राग आला की माझा आवाज बारीक होतो. मी म्हटलं, "साहेब, उद्या एखादा आत पडला तर बाहेर ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र उभं करायचं का? आपल्याला माणूस उभा करायचाय." साहेबांनी ते पत्रक उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. मग म्हणाले, "अजून एकदा बघू."

अजून एकदा झालं, त्यात बरेच जण पास झाले, पण दत्ता पुन्हा नापास. या वेळी तो उभा राहिला होता, भोंगाही वाजवला, पण सरांनी आतल्या महेशला 'दादा' म्हणून हाक मारायला सांगून ठेवलं होतं. ती हाक आली आणि दत्ता आत. मी सरांवर भडकलेच. "हे काय, रडवताय का त्याला?" सर म्हणाले, "टाकीतला मानूस गप पडंल असं कुनी सांगितलंय तुमाला?" तिसऱ्या वेळी दत्ता उभा राहिला. टाकीतून हाका येत होत्या आणि तो दोर धरून तोंड फिरवून उभा होता, सदरा घामाने भिजलेला. सरांनी त्याला स्वतःच्या हाताने चहा दिला. जाताना मला बजावून सांगितलं, "एक करा. नातेवाइकाला बाहेर उभं करू नका. आपल्याकडं भावाभावांची जोडी लावतात, म्हंतात भरवसा असतो. तोच भरवसा घात करतो."

मी ते कामाच्या नियमांत घातलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पण वाडीतल्या दोघांनी जोडीने काम करायचं ही आमच्याकडची जुनी रीत. ऐन भातकापणीच्या हंगामात एके दिवशी बाहेर उभा राहणारा आला नाही. सुपरवायझरने इकडेतिकडे पाहिलं, समोर दत्ता होता, आणि टाकीत महेश उतरणार होता. सुपरवायझरला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट बरंच वाटलं.

आत हवा सोडणारा पंखा मधेच बंद पडला. दत्ताच्या ते लक्षात यायच्या आत महेश खाली बसला आणि आडवा झाला. दत्ताने भोंगा वाजवला, चाक फिरवलं, पण दोर टाकीतल्या ढवळणीच्या एका पात्याला अडकला. ओढावं तर महेश हलेना. तेवढ्यात त्यांच्याच वाडीतला एक जण, नात्याने चुलता, धावत आला आणि उडी मारायला टाकीच्या तोंडावर चढला. दत्ताने एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने चुलत्याची कॉलर पकडून त्याला खाली आपटला. त्याच्या पोटावर गुडघा देऊन दत्ता तसाच राहिला. आत भाऊ पडलेला. बाहेर हा दोर ताणून धरून त्याला हाका मारत होता आणि उतरत नव्हता. पथकाची माणसं नळकांडी लावून आली, आत गेली, त्यांनी दोर सोडवला आणि महेशला वर काढलं. तो काळानिळा पडला होता, पण श्वास होता. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले.

मी त्या दिवशी टेबलावर डोकं ठेवून रडले. सुपरवायझरला मी काय काय बोलले ते या अंकात छापता येणार नाही. मग गुरव सरांना फोन केला. ते म्हणाले, "दोघंबी हायत ना? मग बास." आणि फोन ठेवून दिला. कंपनीने दत्ताचा सत्कार केला, शाल दिली. मला वाटलं, चला, सगळं नीट झालं.

सगळं नीट झालं नव्हतं. महेश घरी गेला, बरा होऊन कामावर परतलाही, तरी दत्ताच्या तोंडावरची कळा उतरतच चालली. जेवणाच्या सुट्टीत एकटा बसायचा. शेवटी महेशनेच मला येऊन सांगितलं. चुलत्याने वाडीत सांगितलं होतं की भाऊ आत मरत होता नि हा बाहेर उभा राहिला, सवता गेला नाय नि मला जाऊ दिला नाय. यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच पंचाईत. वाडीतली माणसं दत्ताला बघून बोलणं थांबवायची. आणि आई त्याच्याशी बोलेनाशी झाली होती. ताट वाढायची, पण नावाने हाक मारायची नाही. महेश म्हणाला, "मी किती सांगितला, पन ती आयकत नाय. मॅडम, तो घर सोडून जायाचा बोलतोय."

आम्ही माणसांना शिकवलं, पण त्यांच्या घरांना कुणी काही शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं मास्तर निवडले, आणि हे कधी डोक्यात आलं नाही, याची मला आजही रुखरुख आहे. मी गुरव सरांना गाडीत घातलं आणि सुट्टीच्या दिवशी दत्ताच्या वाडीत गेले.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. हिराबाई तिचं नाव. बारीक, ताठ, नजर सरळ माणसाच्या डोळ्यांत. मला म्हणाली, "ये गो बाय, बस." दत्ता गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. मी आपलं समजावायला सुरुवात केली, वायू काय, श्वास काय, दुसरा कसा मरतो. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "तुजा खरा असंल. पन आपला मानूस आत हाय नि पाय बाहेर ऱ्हातात कसे? माजे नसते ऱ्हायले."

गुरव सर उठले. घरामागे संडासासाठी नवीन टाकी बांधलेली होती, अजून कोरी, कोरडी. सर त्या टाकीपाशी गेले, पिशवीतून हवा मोजायचं यंत्र काढून आत सोडलं, आकडे बघितले. मग महेशच्या अंगाला पट्टा बांधला, दोर लावला आणि शिडीने खाली उतरवला. हिराबाईच्या हातात दोर दिला आणि म्हणाले, "आई, तुमी फक्त उभ्या ऱ्हा. हा खोटा खोटा पडंल. उतरायचं नाय, एवढंच काम."

"येवढाच ना?" ती म्हणाली.

महेश आडवा झाला. ती म्हणाली, "महेश." तो बोलला नाही. "आरे महेश!" काही नाही. तिने दोर टाकला, लुगड्याचा काष्टा सावरला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होती. बघायला आलेली एक शेजारीण हसली. मला अजिबात हसू आलं नाही.

सर ओरडले नाहीत. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आई, तुमीपन गेलात. आता दोघांना काढाया कोन येनार?"

ती शिडीवर तशीच थांबली. म्हणाली, "मना म्हाईत होता खोटा हाय. पन पाय ऱ्हायले नाय." मग वर आली, पडलेला दोर स्वतःच उचलला आणि म्हणाली, "परत करा."

परत केलं. या वेळी ती दोन्ही हातांनी दोर धरून उभी राहिली. महेश खाली निपचित. सर हातातल्या घड्याळाकडे बघत होते. पथक यायला त्या दिवशी जेवढा वेळ लागला होता, तेवढा वेळ ते तिला उभी ठेवणार होते. थोडा वेळ गेल्यावर तिने दोर मनगटाला गुंडाळून घेतला. "झाला काय?" तिने विचारलं. "नाय आई. अजून हाय." मग तिने विचारणं सोडलं आणि महेशला हाका मारायला लागली. आधी मोठ्याने, मग लहान मुलाला मारतात तशा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि ती उतरत नव्हती. शेजारणीने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "सर, पुरे." सरांनी मान हलवली. अजून हाय.

"झालं," शेवटी ते म्हणाले.

महेश उठून शिडीने वर आला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती खाली मातीतच बसली, दोर मांडीवर. मग गोठ्याकडे वळून तिने हाक मारली, "दत्ता." किती तरी दिवसांनी मारलेली हाक ती. तो आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"येवढा येळ?" ती म्हणाली. "येवढा येळ तू तिथं एकला उभा होतास रं, माज्या पोरा?"

"व्हय गो आये," दत्ता म्हणाला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.